इंग्रजीतल्या कोणत्या चुका आधी सुधारायच्या?

(कसारा इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आटगाव, खर्डी, कसारा, शहापूर इथून तुम्ही सगळे आलात. मुरबाडकडची मुलं-मुली एसटी बदलत आली. सुट्टीच्या दिवशी व्याकरणाच्या नावाने एवढी गर्दी जमते, याचा अर्थ गरज खरी आहे.

मला दिलेला विषय आहे, इंग्रजी वाक्यांतल्या नेहमीच्या चुका. या विषयावर बोलण्याची एक ठरलेली पद्धत आहे. पन्नास चुकीची वाक्यं सांगायची, समोर पन्नास बरोबर वाक्यं सांगायची आणि पाठ करा म्हणायचं. तशी पुस्तकं स्टेशनबाहेरही मिळतात. ती वाचून पहिले आठ दिवस उत्साह राहतो आणि नवव्या दिवशी तोंडातून पुन्हा तेच वाक्य येतं. कारण आपण वाक्य बदललेलं असतं, ते कुठून आलं हे पाहिलेलं नसतं.

म्हणून आज दोनच गोष्टी सांगणार आहे. पहिली, आपल्या बहुतेक चुका अडाणीपणातून येत नाहीत. त्या आपल्या मराठीच्या, दखनीच्या, उर्दूच्या नियमातून येतात. नियम बरोबर असतो, फक्त भाषा दुसरी असते. दुसरी गोष्ट, सगळ्या चुका सारख्या नसतात. काहींमुळे अर्थच उलटा होतो, काहींमुळे फक्त वाक्य खटकतं, आणि काही तर चुकाच नसतात. आपण नेमकं उलटं करतो. ज्या चुकांवर लोक हसतात त्यांना घाबरतो, आणि ज्या चुकांनी नुकसान होतं त्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं.

डबे इंग्रजी, रूळ मराठी

तुमच्या गावातलंच उदाहरण घ्या. रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली १८६१ मध्ये आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोचली १८६५ मध्ये. तिच्याबरोबर स्टेशन, सिग्नल, तिकीट, प्लॅटफॉर्म, गार्ड असे किती तरी शब्द आले. आज कसाऱ्यातली आजीसुद्धा 'सिग्नल पडला' म्हणते. तो शब्द आता तिचाच आहे. पण शब्द आले तसं इंग्रजी वाक्य आलं नाही. 'सिग्नल पडला', 'तिकीट काढलं', 'लोकल लेट आहे' या वाक्यांत डबे इंग्रजी आहेत आणि रूळ मराठी. बोलताना यात काहीच बिघडत नाही, ही उत्तम मराठी आहे. अडचण होते ती आपण पूर्ण इंग्रजी बोलायला जातो तेव्हा. सगळे डबे इंग्रजी जोडतो आणि गाडी मात्र जुन्या रुळांवरूनच नेतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांनी किमान दहा वर्षं हा विषय घेतला आहे. शब्द तुमच्याकडे आहेत. अडतं ते रुळांपाशी.

आपल्या समाजात ही चर्चा नवी नाही. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ मध्ये झाली. आधुनिक शिक्षण, त्यात इंग्रजी आलंच, मुसलमान मुलांपर्यंत पोचावं यासाठी ती धडपड होती. तिच्यामागे ज्यांचा पुढाकार होता त्या बद्रुद्दीन तय्यबजींनी १८६७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पहिले भारतीय बॅरिस्टर म्हणून काम सुरू केलं होतं. त्याही आधी, १८५४ मध्ये, सावित्रीबाई फुल्यांच्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आली. या माणसांना इंग्रजी मिरवायला नको होती. जिथे निर्णय होतात त्या खोलीत आपलं म्हणणं पोचावं म्हणून हवी होती. आपणही तेवढ्यासाठीच शिकूया.

पहिला ढीग : अर्थ उलटा करणाऱ्या चुका

समजा मुलाखत आहे. भिवंडीच्या गोदामात, आसनगावच्या कारखान्यात किंवा नाशिक हायवेवरच्या हॉटेलात. तुम्हाला सांगायचंय, मी मेहनतीने काम करतो. 'स्लो'चं 'स्लोली' होतं, 'क्विक'चं 'क्विकली' होतं, मग 'हार्ड'चं 'हार्डली' असणार, असं आपण धरून चालतो आणि म्हणतो, 'आय वर्क हार्डली.' याचा अर्थ होतो, मी जेमतेमच काम करतो. म्हणायचं असतं, 'आय वर्क हार्ड.' एका शेपटीमुळे मेहनती मुलगा आळशी ठरला.

दुसरं. 'कॉम्प्युटर येतो का?' तुम्हाला सांगायचंय, थोडाफार अनुभव आहे. तुम्ही म्हणता, 'आय हॅव लिटल एक्सपीरियन्स.' ऐकणाऱ्याला कळतं, याला अनुभव नाहीच म्हणायचा. तुम्हाला म्हणायचं होतं, 'आय हॅव अ लिटल एक्सपीरियन्स.' मराठीत आपण हा फरक वेगळ्या शब्दांनी दाखवतो, 'थोडा आहे' आणि 'फारसा नाही'. इंग्रजीत तो फरक एका 'अ'वर उभा आहे. 'फ्यू' आणि 'अ फ्यू'चंही तसंच. 'अ फ्यू पीपल हेल्प्ड अस' म्हणजे काही लोकांनी मदत केली, हे आभार मानणं झालं. 'फ्यू पीपल हेल्प्ड अस' म्हणजे फारसं कुणी मदतीला आलं नाही, ही तक्रार झाली.

तिसरं उदाहरण फोनवर रोज घडतं. पलीकडून विचारतात, 'डोन्ट यू हॅव अ पॅन कार्ड?' तुमच्याकडे नाही. मराठीत आपण काय म्हणतो? 'हो, नाहीये.' उर्दूतही 'हाँ, नहीं है' चालतं. आपण समोरच्याच्या म्हणण्याला हो म्हणतो, तुम्ही म्हणता ते खरं, नाहीये. तीच सवय घेऊन आपण 'येस' म्हणतो. समोरचा लिहून घेतो, पॅन कार्ड आहे. इंग्रजीत प्रश्न कसा विचारला याच्याशी 'येस-नो'चा संबंध नाही, वस्तुस्थितीशी आहे. आहे तर 'येस, आय डू'. नाही तर 'नो, आय डोन्ट'. प्रश्नातला नकार विसरून जायचा आणि फक्त खिशात कार्ड आहे की नाही ते पाहायचं.

चौथं, पैशाचं. मराठीत 'उसने' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. उसने घेतले आणि उसने दिले. इंग्रजीत घेणाऱ्याचं क्रियापद 'बॉरो' आणि देणाऱ्याचं 'लेंड'. 'आय बॉरोड हिम मनी' असं लिहिलं तर वाचणारा गोंधळतो, पैसे दिले की घेतले? 'आय लेंट हिम मनी' म्हणजे मी त्याला दिले. 'आय बॉरोड मनी फ्रॉम हिम' म्हणजे मी त्याच्याकडून घेतले. कागदावर सही करणार असाल तर एवढा फरक माहीत हवाच.

पाचवं, 'अनटिल'. मराठी वाक्य पाहा. 'जोपर्यंत ॲडव्हान्स मिळत नाही, तोपर्यंत मी काम सुरू करणार नाही.' आपल्याकडे दोन्ही बाजूंना 'नाही' लागतो आणि वाक्य सुंदर होतं. उर्दूतही 'जब तक नहीं मिलता' असंच आहे. म्हणून आपण लिहितो, 'आय विल नॉट स्टार्ट द वर्क अनटिल आय डोन्ट गेट दि ॲडव्हान्स.' पण 'अनटिल'पुढे इंग्रजीत तो दुसरा नकार लागत नाही. 'अनटिल आय गेट दि ॲडव्हान्स' एवढंच पुरे. 'अनलेस'चं आणखी नाजूक आहे, कारण 'अनलेस' म्हणजेच 'नाही तर'. 'अनलेस यू पे' म्हणजे पैसे दिले नाहीत तर. त्यात आणखी 'डोन्ट' घातला की अट उलटी होते. करारनाम्यात अट उलटी झाली तर भांडण कुणाशी करणार?

सहावं आपल्या घरातलं आहे. मराठीत वडिलांना आपण 'ते' म्हणतो. आदर म्हणून अनेकवचन. तीच अदब घेऊन मूल इंग्रजीत म्हणतं, 'माय फादर इज ॲट होम, दे आर स्लीपिंग.' ऐकणारा विचारतो, आणखी कोण झोपलंय? आणि ज्यांच्या घरात दखनी किंवा उर्दू बोलतात त्यांच्याकडे 'वो' हा पुरुषासाठीही आणि बाईसाठीही. क्रियापदावरून कळतं आता आहेत की जाती आहेत, सर्वनामावरून नाही. म्हणून ते मूल आईबद्दल सांगताना मध्येच 'ही' म्हणून जातं. इंग्रजीत आदर 'ही' आणि 'शी'मध्ये दिसत नाही, तो बाकीच्या बोलण्यातून दाखवायचा. वडील कितीही मोठे असले तरी 'ही', आई असेल तर 'शी'. दवाखान्यात पेशंटची माहिती देताना किंवा अर्जात कुटुंबाबद्दल लिहिताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

हा पहिला ढीग. आज घरी जाऊन काही करायचं असेल तर या सहा गोष्टी करा. बाकीचं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल.

दुसरा ढीग : अर्थ पोचतो, पण वाक्य खटकतं

इथे समजुतीत फरक पडत नाही. पण अर्ज वाचणाऱ्यासमोर शंभर अर्ज असतात, आणि खटकणारं वाक्य दिसलं की त्याचा हात पुढच्या कागदाकडे जातो. म्हणून हेही सुधारायचं, फक्त दुसऱ्या क्रमांकावर.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारी चूक आहे, 'आय डिड नॉट वेंट', 'आय डिड नॉट रिसिव्ह्ड द कार्ड.' ती कुठून येते ते पाहा. मराठीत म्हणतो, 'कार्ड मिळालं नाही.' 'मिळालं' हा भूतकाळ आणि पुढे नुसता 'नाही'. काळ मुख्य क्रियापदात, नकार बाहेर. इंग्रजीत उलट आहे. नकार आला की काळ 'डिड'मध्ये जातो आणि मुख्य क्रियापद मोकळं राहतं. 'आय डिड नॉट रिसिव्ह द कार्ड.' प्रश्नातही तेच, 'डिड यू गो?' एका वाक्यात काळाचा शिक्का एकदाच मारायचा, एवढं लक्षात ठेवा. 'डिड'वर मारला की पुढच्या शब्दावर पुन्हा नको.

दुसरी चूक, 'आय ॲम लिव्हिंग इन कसारा सिन्स टेन इयर्स.' मराठीत, 'मी दहा वर्षांपासून कसाऱ्यात राहतो.' वर्तमानकाळ आणि 'पासून'. आपलं 'पासून' दोन्ही कामं करतं, '२०१५ पासून' आणि 'दहा वर्षांपासून'. इंग्रजीत ही कामं वाटून दिली आहेत. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण असेल तर 'सिन्स', मोजलेला काळ असेल तर 'फॉर'. आणि जे आधी सुरू होऊन आजही चालू आहे, त्याला 'हॅव बीन' लागतं. 'आय हॅव बीन लिव्हिंग इन कसारा फॉर टेन इयर्स.' किंवा 'सिन्स २०१५'.

तिसरी, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम ॲग्री', 'आय ॲम नॉट नोइंग'. आपल्या मराठीत वाक्याच्या शेवटी 'आहे' येऊन बसतो. मला दोन भाऊ आहेत, मी सहमत आहे, मला माहीत आहे. त्या 'आहे'साठी आपण प्रत्येक ठिकाणी 'ॲम' ठेवतो. इंग्रजीत 'हॅव', 'नो', 'ॲग्री', 'वाँट' ही स्वतःच क्रियापदं आहेत, त्यांना असा टेकू लागत नाही. 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय ॲग्री', 'आय डोन्ट नो'. कुणी विचारेल, मग 'आय ॲम हॅविंग लंच' कसं चालतं? कारण तिथे 'हॅव' म्हणजे जेवणं, ती चालू असलेली क्रिया आहे. भाऊ असणं ही क्रिया नाही, स्थिती आहे.

चौथी, 'आय हॅव अप्लाइड यस्टरडे.' मराठीत 'मी काल अर्ज केला आहे' अगदी बरोबर. इंग्रजीत 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०२२' असा संपलेला काळ सांगितला की 'हॅव' काढून टाकायचं. 'आय अप्लाइड यस्टरडे.' काळ सांगितलाच नाही तर मात्र 'आय हॅव अप्लाइड' बरोबर.

पाचवी, शब्दयोगी अव्ययांची. मराठीत 'विषयावर' किंवा 'विषयाबद्दल' चर्चा होते, म्हणून 'डिस्कस अबाउट'. इंग्रजीत 'डिस्कस'ला पुढे काही लागत नाही, 'वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम'. 'त्याने मला सांगितलं' मधल्या 'ला'मुळे 'ही टोल्ड टू मी' होतं, हवं 'ही टोल्ड मी'. पण 'सेड' असेल तर 'टू' हवा, 'ही सेड टू मी'. 'तिच्याशी लग्न झालं' मधल्या 'शी'मुळे 'मॅरीड विथ' होतं, हवं 'मॅरीड टू'. इथे नियम शोधत बसू नका. क्रियापद लिहून घेतानाच त्याचा जोडीदार लिहून घ्या, असेल तर कोण आणि नसेल तर नाही.

सहावी, 'वन ऑफ माय फ्रेंड'. मराठीत 'माझ्या एका मित्राने' म्हणतो, एकवचन. इंग्रजी म्हणते, 'माझ्या मित्रांपैकी एक', म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'.

सातवी अर्जात फार दिसते. 'प्लीज टेल मी व्हेन विल आय गेट द सर्टिफिकेट.' सरळ प्रश्नात 'विल आय' असा क्रम बरोबर आहे. पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम साधा होतो, 'प्लीज टेल मी व्हेन आय विल गेट द सर्टिफिकेट.' मराठीत 'दाखला कधी मिळेल?' आणि 'दाखला कधी मिळेल ते सांगा' यात क्रम बदलतच नाही, म्हणून आपल्याला हे सुचत नाही.

आणि शेवटी 'अ' आणि 'द'. मराठीत हे नाहीत, उर्दूतही नाहीत. पण त्यांचं काम आपण करतोच. पहिल्यांदा सांगताना 'एक अर्ज दिला' म्हणतो, नंतर 'तो अर्ज हरवला' म्हणतो. बहुतेक वेळा हीच युक्ती पुरते. मनातल्या मनात 'एक' किंवा 'कुठला तरी' बसत असेल तर 'अ', 'तो, ती, ते' बसत असेल तर 'द'.

तिसरा ढीग : ज्यांच्यावर लोक हसतात

आता ज्या गोष्टींवरून वर्गात हशा होतो त्या बघू. 'प्रीपोन' हा शब्द इंग्रजांचा नाही, भारतात रुळलेला आहे, आणि आता ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही आहे. 'व्हॉट इज युवर गुड नेम?' हे इंग्लंडमध्ये कुणी विचारत नाही. पण त्यामागे आपलं 'शुभ नाव' आहे, 'इस्म-ए-शरीफ' आहे. ही अदब आहे. 'कझिन ब्रदर' म्हटल्यावरही लोक नाकं मुरडतात. इंग्रजीला 'कझिन' पुरतं, कारण मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ किंवा खालाजाद भाई असा फरक त्यांच्या भाषेने ठेवलेला नाही. अर्जात नुसतं 'कझिन' लिहा, बोलण्यात 'कझिन ब्रदर' आलं तर आभाळ कोसळत नाही.

आणि 'इस्कूल', 'इस्टेशन'? ती व्याकरणाची चूकच नाही, उच्चार आहे. तो हळूहळू बदलेल, नाही बदलला तरी तुमचं वाक्य चुकीचं होत नाही. हसणारे मात्र नेमकं यावरच हसतात, कारण ते लगेच ऐकू येतं. 'अ लिटल'मधला 'अ' गळला तर कुणी हसत नाही. तो गुपचूप तुमचा अर्ज बाजूला ठेवतो. म्हणून सांगतो, हशाला घाबरून गप्प बसू नका. खास करून मुलींना सांगतो. बैठकीत पहिलं वाक्य बोलायला मुली कचरतात, कारण त्यांच्या चुकीवर दोनदा हसलं जातं, एकदा इंग्रजीसाठी आणि एकदा मुलगी बोलली म्हणून. तो दुसरा हशा बंद करणं हे इथल्या मुलग्यांचं काम आहे.

एक अर्ज तपासू या

आता एक नमुना. असा अर्ज आपल्याकडे कुणीही लिहील.

'मायसेल्फ फ्रॉम कसारा. आय ॲम वर्किंग इन अ गोडाऊन सिन्स टू इयर्स. आय डिड नॉट टूक एनी लीव्ह. आय हॅव लिटल नॉलेज ऑफ कॉम्प्युटर. आय ऑलवेज वर्क हार्डली.'

पाच वाक्यं आणि पाच चुका. पण ढीग करा. 'मायसेल्फ', 'सिन्स टू इयर्स', 'डिड नॉट टूक' या तीन दुसऱ्या ढिगातल्या. वाचणाऱ्याला खटकतील, पण अर्थ पोचेल. 'लिटल नॉलेज' आणि 'वर्क हार्डली' या दोन पहिल्या ढिगातल्या. त्यांनी अर्ज बुडवला.

दुरुस्त अर्ज असा. 'आय ॲम फ्रॉम कसारा. आय हॅव बीन वर्किंग इन अ गोडाऊन फॉर टू इयर्स. आय डिड नॉट टेक एनी लीव्ह. आय हॅव अ लिटल नॉलेज ऑफ कॉम्प्युटर्स. आय ऑलवेज वर्क हार्ड.'

तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, हे सगळं मोबाइलच करून देतो. देतो ना. 'डिड नॉट टूक'खाली लगेच लाल रेघ येईल, 'सिन्स टू इयर्स'ही तो सुधारेल. पण 'आय हॅव लिटल नॉलेज' हे व्याकरणाने बरोबर वाक्य आहे. 'आय वर्क हार्डली' याचाही काही तरी अर्थ निघतो. तुम्हाला थोडं येतं की काहीच येत नाही, हे मोबाइलला कसं कळणार? म्हणजे दुसरा ढीग यंत्र बऱ्यापैकी उपसून देईल, पण पहिला ढीग तुम्हालाच उपसायचा आहे. यंत्राने सुधारून दिलेलं वाक्य पाठवण्याआधी एकदा मराठीत उलटं करून वाचा आणि विचारा, मला हेच म्हणायचं होतं का?

ही पद्धत जुनी आहे. तुमच्या आजोबांच्या पिढीत ज्यांनी इंग्रजी शिकलं त्यांच्या घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, वाक्यामागून वाक्य. आपण त्यात एक भर घालू. वहीत तीन रकाने करा. पहिल्यात मराठी किंवा दखनी वाक्य, जसं तुम्ही घरात बोलता तसं. दुसऱ्यात त्याचं इंग्रजी. तिसऱ्यात आपल्या भाषेचा कोणता नियम आत शिरला ते. रोज एक वाक्य, त्या दिवशी खरंच बोलायला लागलेलं. तिसरा रकाना भरायला लागलात की तुमच्या लक्षात येईल, चुका शेकडो वाटत होत्या, नियम दहा-बाराच आहेत.

जिथे इंग्रजी लागत नाही

आता एक गोष्ट इंग्रजीच्या विरोधात वाटेल, पण ती सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. कित्येक तरुण रेशनची, रस्त्याची, शाळेची तक्रार करत नाहीत. का, तर इंग्रजीत लिहिता येत नाही. कुणी सांगितलं इंग्रजीत लिहा म्हणून?

राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो की गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, कलम ६ मध्ये, अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो असं लिहिलं आहे. महाराष्ट्राची राजभाषा १९६४ च्या अधिनियमाने मराठी आहे. शहापूरच्या किंवा मुरबाडच्या तहसील कार्यालयात तुम्ही स्वच्छ मराठीत लिहिलेला अर्ज पूर्ण कायदेशीर आहे. युपीएससीची मुख्य परीक्षासुद्धा मराठीतून किंवा उर्दूतून देता येते. तिथे इंग्रजीचा एक पेपर सक्तीचा आहे, पण तो पात्रतेपुरता, ३०० पैकी २५ टक्के गुणांचा. एवढं इंग्रजी या वहीतून येतं.

मग इंग्रजी कुठे हवं? उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३४८ प्रमाणे कामकाज इंग्रजीत चालतं. कंपनीत ईमेल इंग्रजीत असतो. बँकेचं, विम्याचं, भाड्याचं कागदपत्र बहुतेक वेळा इंग्रजीत येतं आणि आपण न वाचता सही करतो. इंग्रजी शिकायचं ते आधी हे वाचता यावं म्हणून. 'अनलेस' कुठे आहे, 'नॉट' कुठे आहे, कोण 'लेंडर' आणि कोण 'बॉरोअर' आहे, हे सही करण्याआधी बोट ठेवून पाहता यावं म्हणून.

याच ओघात एक काम उद्याच करा. आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळ्या कागदांवर ताडून बघा. मोहम्मद हे नाव कुठे पूर्ण लिहिलेलं असतं, कुठे नुसतं 'एमडी' असतं, कुठे 'ओ'च्या जागी 'यू' असतो. शेखच्या, सय्यदच्या स्पेलिंगचंही तेच. मराठीत किंवा उर्दूत नाव एकच असतं, इंग्रजी अक्षरांत त्याची चार नावं होतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. मग प्रत्येक खिडकीवर तुम्हालाच सिद्ध करावं लागतं की ही चारही माणसं तुम्हीच आहात. ते एका ठिकाणी आणायला नमुना अर्ज, प्रतिज्ञापत्र, लागल्यास राजपत्रातली प्रसिद्धी, जे काही करावं लागेल ते नोकरीच्या घाईआधी करून ठेवा. घरातल्या बायकांची कागदपत्रंही त्याच वेळी बघा, लग्नानंतर त्यांची नावं जास्तच विखुरलेली असतात.

एकमेकांना दुरुस्त कसं करायचं

शेवटचा मुद्दा. इथून गेल्यावर तुम्ही एकमेकांची वाक्यं सुधारणार, आणि सुधारायलाच हवीत. त्याचे तीन नियम ठरवा. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या, मध्ये तोडू नका. आधी विचारा, तुला काय म्हणायचं होतं? आणि चूक कोणत्या ढिगातली आहे ते आपल्या मनाशी ठरवा. पहिल्या ढिगातली असेल तर लगेच सांगा, पण बाजूला घेऊन. दुसऱ्या ढिगातली असेल तर वहीत लिहून द्या. तिसऱ्या ढिगातली असेल तर गप्प बसा.

कसाऱ्याला घाट सुरू होतो. चढ इतका तीव्र आहे, सदतीसला एक, की इथे गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना आपण बँकर म्हणतो. पुढच्या इंजिनात काही खोट असते म्हणून ती जोडत नाहीत, चढ एकट्याने चढण्यासारखा नसतो म्हणून जोडतात. तुमच्यापैकी ज्याला जरा जास्त येतं त्याने मागून लागावं. एका वस्तीत चार जणांनी आठवड्यातून एकदा तासभर वह्या बदलून बघितल्या तरी पुरे. सुरुवात पहिल्या ढिगातल्या सहा चुकांपासून करा आणि महिन्याने मला तुमचे तिसरे रकाने दाखवा.